आर्किओसाइट या पदाबाबत

आमच्या प्राणिशास्त्र विभागात तीन प्राध्यापक आणि एक मावशी आहेत. प्राध्यापकांची कामं वाटलेली आहेत. मासेवाल्या बाई मासे शिकवतात. झुरळसर कीटक शिकवतात आणि कीटकांच्या निमित्ताने बाकी सगळ्या जगाविषयी मत देतात. मी स्पंज शिकवतो. स्पंज हा प्राणी आहे हे पटवून देण्यात माझे पहिले दोन तास जातात, आणि एकदा पटलं की मुलांचा त्याच्यातला रस संपतो. विभागप्रमुखही मीच आहे. त्यात कर्तृत्वाचा भाग नाही. पाळी माझी होती.

मावशींचं काम मात्र वाटलेलं नाही. सकाळी त्या कुलपं उघडतात, टाक्यांचं पाणी बघतात, मायक्रोस्कोप पुसतात. टपाल घेतात, आवक रजिस्टरात चढवतात. प्रोजेक्टर हट्टाला पेटला की त्याला एक चापट मारतात आणि तो मुकाट चालू होतो. प्रयोगशाळेत एखादी मुलगी चक्कर येऊन पडली तर तिच्या तोंडावर पाणी मारतात आणि ती शुद्धीवर आली की घरी भांडण झालं का ते विचारतात. सहसा झालेलं असतं. प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी मायक्रोस्कोपच्या आयपीसमध्ये काटा म्हणून एक केस चिकटवावा लागतो. केसाचं टोक जिथे, ते काय आहे हे मुलांनी ओळखायचं. सतरा वर्षं हा केस मावशींच्याच डोक्यातला असायचा. मग पांढरा केस दिसत नाही अशी मुलांची तक्रार आली आणि तेव्हापासून तो मासेवाल्या बाईंकडून मागून घेतात. बाईही कलप लावतात, पण ही गोष्ट विभागाबाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरलेलं आहे.

हजेरीपुस्तकात मावशींच्या पुढे हुद्द्याच्या रकान्यात 'इतर' असं लिहिलेलं होतं. अठरा वर्षं आठ महिने ते कुणाला खटकलं नव्हतं.

इथे थोडं स्पंजाविषयी सांगावं लागेल. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

स्पंजाला हृदय नाही, पोट नाही, मेंदू नाही. त्यामुळे त्याच्या शरीरात खातेवाटप पेशींमध्येच झालेलं असतं. बाहेरच्या चपट्या पेशी म्हणजे कातडी. आतल्या बाजूला कॉलर असलेल्या पेशी. त्या शेपटी हलवून पाणी ओढतात आणि त्यातलं खाणं गाळून घेतात. या दोन थरांच्या मधे एक जेलीसारखा भाग असतो आणि त्यात काही पेशी नुसत्या फिरत असतात. त्यांना ठरलेला आकार नाही, ठरलेली जागा नाही, ठरलेलं काम नाही. खाणं इकडून तिकडे पोचवणं, कुठे भोक पडलं तर बुजवणं, कातडी कमी पडली तर कातडी होणं, अंडं हवं असेल तर अंडं होणं, असं जे समोर येईल ते त्या करतात. पुस्तकात त्यांना अविभेदित पेशी म्हणतात आणि शास्त्रीय संज्ञा आहे आर्किओसाइट. मूळ ग्रीक आहे, अर्थ साधारण 'जुनी पेशी'. हा प्रश्न दर वर्षी चार गुणांना येतो. दोन गुण व्याख्येला. उरलेले दोन सहसा जातात, कारण कॉलरवाली पेशीसुद्धा वेळ पडली तर कॉलर आणि शेपूट टाकून पुन्हा आर्किओसाइट होऊ शकते, हे मुलं लिहीत नाहीत. वर गेलेलं कुणी परत खाली येईल हे त्या वयात पटत नाही.

मावशींचा आणि स्पंजाचा परिचय माझ्यापेक्षा जुना. त्या कामाला लागल्या त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी टाकीच्या काचेवर धरलेला हिरवट थर मळ समजून फडक्याने खरवडून काढला आणि फडकं बादलीत पिळलं. तो मळ म्हणजे आधीच्या विभागप्रमुखांनी तीन वर्षं वाढवलेला गोड्या पाण्यातला स्पंज होता. ते गृहस्थ बादलीशेजारी स्टुलावर बसून राहिले. पण स्पंज असा कापडातून पिळून काढला की त्याच्या पेशी सुट्या होतात, आणि पाण्यात सोडल्या की एकमेकींना शोधून पुन्हा गोळा होतात. दहा-बारा दिवसांत बादलीच्या तळाशी बारीक बारीक स्पंज दिसायला लागले. हा प्रयोग पुस्तकात आहे, पण आमच्या विभागात तो त्याआधी कुणाला जमला नव्हता. मावशींचं मत एवढंच, की हे काही निघत नाही.

तर, परिपत्रक आलं.

परिपत्रकाचा विषय होता 'कर्मचाऱ्यांचे सुस्पष्टीकरण'. प्रत्येक कर्मचाऱ्याला एक आणि एकच पदनाम असावे. 'इतर', 'इत्यादी', 'वगैरे' हे शब्द चालणार नाहीत. ज्याचे जे पदनाम, त्याने तेवढेच काम करावे. तीस तारखेपर्यंत ज्याला पदनाम नसेल तो अतिरिक्त समजून सेवेतून मुक्त करण्यात येईल. सोबत एकशे बारा पदनामांची यादी जोडलेली होती.

वीस वर्षं पूर्ण केलेल्या माणसाला आमच्याकडे निवृत्तिवेतन मिळतं आणि इमारतीमागच्या चाकरमान्यांच्या खोल्यांमध्ये हयातभर राहता येतं. एकोणीस वर्षं अकरा महिने केलेल्याला निरोपाचा हार मिळतो. मावशी त्या खोल्यांपैकी दोन खोल्यांत आपल्या सासूबाईंना घेऊन राहतात. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला, माहेरचं कुणी उरलेलं नाही. विसाला सोळा महिने कमी होते.

मी विभागाची बैठक घेतली.

"त्यात काय," झुरळसर म्हणाले. "प्रयोगशाळा सहायक लिहा आणि मोकळे व्हा."

"आणि टपाल?" मासेवाल्या बाई म्हणाल्या. "एकच काम करायचं म्हटलंय. उद्यापासून टपाल तुम्ही आणा."

"मी? मी पीएच.डी. आहे."

"म्हणजे जिना उतरता येत नाही का?"

"बरं, टपालवाहक लिहा."

"मग स्लाइडी कोण करणार? माझ्या माशांचे खवले गेल्या वर्षी तुम्ही उलटे चिकटवले होते."

"ते विद्यार्थ्यांची परीक्षा बघायला."

"कुणी ओळखलं?"

"मावशींनी," झुरळसर म्हणाले.

शेवटी मावशींनाच बोलावलं. त्या हात पुसत आल्या. मी यादी पुढे केली.

"मावशी, या एकशे बारांतलं तुम्ही काय आहात ते सांगा."

त्यांनी चष्मा लावला आणि यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आठवीपर्यंत शिकलेलं माणूस जितक्या गांभीर्याने छापील कागद वाचतं तितक्या गांभीर्याने आम्ही एकमेकांचे प्रबंध वाचलेले नाहीत.

"यातलं पस्तीस नंबरचं मी करत नाही," त्या म्हणाल्या.

पस्तीस नंबरला 'अश्वपाल' होतं. यादी जुनी असावी. महाविद्यालयात घोडा नव्हता.

"बाकीचं?"

"बाकीचं होतं थोडं थोडं. तुम्ही लिहा काय ते, सर. मला पिंपं भरायचीत. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवल्याशिवाय त्याला चालत नाही." त्याला म्हणजे स्पंजाला.

तीस तारखेला दुपारी हेडक्लार्क स्वतः दारात येऊन उभे राहिले. फॉर्म माझ्या टेबलावर कोरा पडला होता. हेडक्लार्क सज्जन आहेत. न समजलेल्या गोष्टीबद्दल त्यांना मनापासून आदर आहे, आणि त्या आदरावर ते बरेच वर चढले आहेत.

"सर, फक्त तुमचाच राहिलाय."

मी यादी पुन्हा चाळली. मग पेन उघडलं आणि पदनामाच्या रकान्यात 'आर्किओसाइट' असं लिहिलं. त्या क्षणी मला ते फार हुशारीचं वाटलं. लिहिलेलं शंभर टक्के खरं होतं, आणि खरं लिहिलं की काम होतं असा माझा तोपर्यंत समज होता.

हेडक्लार्कांनी तो शब्द ओठ हलवत वाचला. "हे यादीत नाही."

"शास्त्रीय संज्ञा आहे."

"असं." त्यांनी खुर्ची ओढली. "मग कामाचं स्वरूप द्यावं लागेल. सांगा, लिहून घेतो."

मी सांगितलं. जिथे गरज असेल तिथे जाणे. जे कमी पडेल ते होणे. सर्व घटकांना पुरवठा करणे. हानी झाल्यास दुरुस्ती करणे. थंडीत, टंचाईत सगळं बंद पडलं तरी टिकून राहणे आणि परिस्थिती सुधारल्यावर सर्व नव्याने उभे करणे.

"बाप रे," हेडक्लार्क म्हणाले. "म्हणजे सगळा कारभार यांच्यावरच म्हणा ना."

"तसंच आहे ते."

"आणि भाषा कुठली?"

"ग्रीक."

त्यांनी शब्दाखाली रेघ मारली. जाताना दार त्यांनी नेहमीपेक्षा हळू लावलं.

बारा दिवसांनी आदेश आला. आर्किओसाइट हे पद मंजूर झालं होतं. कामाचं स्वरूप पाहता ते शास्त्रीय संवर्गात ठेवण्यात आलं होतं आणि त्यासाठी पात्रता डॉक्टरेट, शिवाय 'विषयातील सखोल विशेष प्रावीण्य', अशी ठरली होती. निवड मुलाखतीने. सध्या हे काम पाहणाऱ्या कर्मचारी पात्रता पूर्ण करत नसल्याने निवडलेल्या उमेदवाराकडे रीतसर पदभार सोपवून त्यांनी मुक्त व्हावं.

मी तडक कार्यालयात गेलो.

"अहो, हे पद मावशींचं आहे."

"होतं," हेडक्लार्क म्हणाले. "आता ते फार मोठं झालंय."

"मी माझा फॉर्म परत घेतो."

"घ्या ना. पद रद्द होईल. मग त्या पदनाम नसलेल्या, म्हणजे अतिरिक्त. म्हणजे याच महिन्यात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तसं बघायला गेलं तर तुमच्या त्या शब्दामुळे त्यांना मुलाखतीपर्यंतचा वेळ मिळालाय. दीड-दोन महिने कुठे गेले नाहीत. आणि सर, एक विचारू? तुम्ही सांगितलंत ते सगळं आठवी पास बाई करते हे आधी बोलला असतात तर?"

"तर?"

"तर मी 'मदतनीस' लिहिलं असतं. एकशे अकरा नंबर."

यादी माझ्या खिशात होती. एकशे अकरा नंबरला 'मदतनीस' होतं.

संध्याकाळी मी मागच्या खोल्यांकडे गेलो. मावशी अजून यायच्या होत्या. सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. त्या पंचाऐंशीच्या पुढच्या असाव्यात, आणि त्या खिडकीतून विभागाचा पूर्ण व्हरांडा दिसतो. कोण किती वाजता आलं याची आमची खरी हजेरी तिथेच लागते.

"या मास्तर. आज सव्वाअकराला आलात."

"हो, जरा..."

"बसा. काय लिहिलंत हो तुम्ही त्या कागदावर?"

"शास्त्रीय नाव लिहिलं, आजी."

"साधं नाव काय वाईट होतं?"

"साधं नाव चालत नव्हतं."

"मग एखादं खोटं लिहायचं. मास्तर माणूस तुम्ही, एवढं येत नाही?" त्यांनी पाय खाली घेतले. "मी या खिडकीतनं उठणार नाही, एवढं सांगते. खिडकीसकट न्यायला सांगा त्यांना."

मावशी आल्या. आदेश त्यांनी दुपारीच वाचला होता. तो विभागाच्या टपालात आला होता. टपाल त्यांनीच घेतलं होतं, रजिस्टरात चढवलं होतं आणि माझ्या टेबलावर तारखेप्रमाणे लावून ठेवलं होतं.

"माझी चूक झाली, मावशी," मी म्हणालो.

"होय," त्या म्हणाल्या. त्यावर चर्चा झाली नाही. मग त्यांनी विचारलं, "ते 'रीतसर पदभार सोपवून' लिहिलंय, म्हणजे कसं असतं?"

"विभागातल्या वस्तूंची यादी करायची. नवीन माणसाला एकेक वस्तू दाखवायची. ती चालू आहे याची त्याने खात्री करून घ्यायची आणि सही करायची. सगळ्या सह्या झाल्या की तुम्ही मोकळ्या."

"एकेक?"

"नियम नऊ."

"चालवून दाखवायची?"

"चालवून."

"बरं," मावशी म्हणाल्या आणि कुकर लावायला आत गेल्या.

मुलाखती दोन महिन्यांनी झाल्या. तीन उमेदवार होते. समितीत प्राचार्य, मी आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. तज्ज्ञांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: आर्किओसाइट नेमकं काय करते? पहिल्याने दहा मिनिटं उत्तर दिलं, दुसऱ्याने वीस. तिसरा उमेदवार उत्तर देत असताना पंखा बंद पडला. मावशी आत आल्या, कोपऱ्यातली काठी घेतली, पंख्याच्या दांड्याला खालून एक टोला दिला. पंखा फिरायला लागला. काठी जागेवर ठेवून त्या गेल्या. तज्ज्ञांनी कागदावरून मान वर केली नाही. "पुढे," ते म्हणाले. मीही मान वर केली नाही, पण माझं कारण वेगळं होतं.

तिसऱ्याची निवड झाली. वय छत्तीस, स्पंजाच्या कॉलरवाल्या पेशींवर सात वर्षं काम. खरं तर स्पंजाच्या कॉलरच्या वरच्या काठावर. खालच्या काठावर दुसरा कुणीतरी काम करत होता आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. आम्ही त्याला डॉक्टर म्हणायला लागलो.

डॉक्टर पहिल्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात आले आणि माझ्या खोलीत बसून म्हणाले, "सर, पदभार आजच घेऊन टाकतो. म्हणजे उद्यापासून संशोधनाला सुरुवात करता येईल."

मी मावशींनी केलेली यादी त्यांच्यापुढे ठेवली. चारशे बारा वस्तू होत्या. शेवटची वस्तू 'इतर'.

"एवढंच ना," डॉक्टर म्हणाले. "सह्याच करायच्या आहेत."

इथे मावशींचं नशीब आडवं आलं, चांगल्या अर्थाने. दुसरा कुणी असता तर तासाभरात चारशे बारा सह्या ठोकून मोकळा झाला असता. झुरळसरांनी तर वाटेत अडवून तसा सल्लाही दिला. पण डॉक्टर प्रामाणिक होते. सात वर्षं एकाच काठाकडे बघितलेल्या माणसाला न बघता सही करता येत नाही. त्यांनी सहीच्या वरचं बारीक अक्षरातलं वाक्य वाचलं, 'वस्तू चालू स्थितीत असल्याची मी स्वतः खात्री केली आहे', आणि पेनाचं टोपण परत लावलं.

वस्तू क्रमांक एक: भांडारगृहाचं कुलूप.

"किल्ली पूर्ण फिरवायची, मग अर्धी उलटी," मावशी म्हणाल्या. "आणि गुडघा दाराला लावायचा. तिथे नाही, खाली. तिथे मार्क आहे बघा."

लाकडावर अठरा वर्षांच्या गुडघ्याचा गुळगुळीत डाग होता. डॉक्टरांचा गुडघा त्याच्यापेक्षा चार बोटं वर येत होता. कुलूप उघडायला त्यांना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी उघडलं आणि त्यांनी सही केली. मग परत लावायला गेले तर ते लागलंच नाही. पण कुलूप लावणं हा क्रमांक दोन होता.

मधेमधे व्हरांड्यातून हाका येत. "मावशी, प्रोजेक्टर!" "मावशी, एक मुलगी पडली!" पदभार दोघांच्या उपस्थितीत व्हायचा असल्यामुळे मावशी निघाल्या की डॉक्टरांनाही निघावं लागे. सुरुवातीला ते हातातली यादी छातीशी धरून मागे उभे राहत. "मी याच्यासाठी आलेलो नाही," असं एकदा त्यांनी मला सांगितलं. मी म्हणालो, "कामाचं स्वरूप वाचा." त्यांनी वाचलं. 'जिथे गरज असेल तिथे जाणे.' पुढच्या वेळी मुलगी पडली तेव्हा पाण्याचा तांब्या त्यांनी धरला. त्यापुढच्या वेळी, घरी भांडण झालं का, हे त्यांनीच विचारलं. झालं होतं.

चौतीस नंबर मात्र अडला, म्हणून तो मागे ठेवून पुढचे घ्यावे लागले. चौतीस नंबर होता 'स्पंजाचे जेम्यूल'. थंडी पडली की स्पंज मरायला टेकतो, आणि त्याआधी त्याच्यातल्या आर्किओसाइट एकत्र येऊन स्वतःभोवती टणक कवच करून घेतात. मोहरीएवढे मणी दिसतात. स्पंज कुजून जातो, मणी राहतात. उन्हं चढली की मणी फुटतात आणि आतून नवा स्पंज बाहेर येतो.

"हे आता नाहीत," मावशी म्हणाल्या. "थंडीत होतात."

"थंडीला पाच महिने आहेत," डॉक्टर म्हणाले.

"मग थंडीत दाखवते. आणि चालू आहेत का ते उन्हाळा लागल्यावर कळेल."

डॉक्टर माझ्याकडे आले. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मावशींच्या म्हणण्यात चूक काढता येत नव्हती. आम्ही दोघांनी प्रयत्न केला.

कार्यालयातून स्मरणपत्रं पहिल्या महिन्यापासूनच येत होती. पदभार अद्याप पूर्ण का झाला नाही, याचा खुलासा करावा. पहिली तीन स्मरणपत्रं आवक रजिस्टरात मावशींच्या अक्षरात आहेत. चौथ्यापासून पुढची डॉक्टरांच्या अक्षरात, कारण आवक रजिस्टर हा सात नंबर होता आणि त्याची सही झालेली होती. खुलासे मीच पाठवत होतो. 'वस्तू क्रमांक ३४ ऋतुमानावर अवलंबून असल्याने' असं मी लिहिलं. हेडक्लार्कांना ते समजलं नाही, म्हणून त्यांनी ते आदराने फाइलला लावलं.

थंडी पडली. मणी झाले. स्पंज तपकिरी होऊन विरघळला. डॉक्टरांनी असा स्पंज मरताना कधी पाहिला नव्हता. त्यांच्या पेशी बाटलीतून यायच्या, रंगवलेल्या. पिंपांतलं पाणी आता तेच भरत होते. इस्त्रीचा शर्ट गेला होता, अर्ध्या बाहीचा आला होता. प्रोजेक्टरला चापट कुठे मारायची हे त्यांना कळलं होतं. परीक्षेच्या काट्यासाठी मासेवाल्या बाईंकडे केस मागायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमचे चांगले काळेभोर आहेत की, स्वतःचा उपटा." त्यांनी उपटला. मुलांना स्पष्ट दिसला.

एका दुपारी मी टाक्यांच्या खोलीबाहेरून जात होतो. आत दोघं जण मणी मोजत होते.

"मावशी," डॉक्टरांनी विचारलं, "तुमची वीस वर्षं कधी भरतात?"

"पुढल्या महिन्याच्या अकराला."

"आणि आपले किती नंबर राहिलेत?"

"नऊ."

मग डॉक्टर म्हणाले, "ते एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरचं कपाट. मला त्याच्याविषयी शंका आहे."

"सही केलीत की त्याची तुम्ही."

"केली. पण नीट बघितलं नव्हतं. सगळं बाहेर काढून परत लावायला पाहिजे."

"त्यात हजार स्लाइडी आहेत."

"मग लागेल वेळ," डॉक्टर म्हणाले.

मी पुढे गेलो. विभागप्रमुखाने सगळंच ऐकलं पाहिजे असा नियम नाही.

पुढल्या महिन्याच्या बारा तारखेला, पदभार सुरू झाल्यापासून बारा महिने आणि चार दिवसांनी, मणी फुटून चौतीस नंबरचीही सही झाली होती आणि यादीत एकच नंबर राहिला होता. चारशे बारा, 'इतर'. सही माझ्या खोलीत व्हायची होती. मासेवाल्या बाई आणि झुरळसर साक्षीदार म्हणून आले होते. हेडक्लार्कही आले, सेवा वीस वर्षं एक दिवस झाल्याचा दाखला ते स्वतः घेऊन आले होते, आणि हा दिवस नेमका कसा साधला हे त्यांना न समजल्यामुळे त्यांचा चेहरा फार गंभीर होता.

"'इतर' म्हणजे काय ते दाखवून, चालवून द्यायला पाहिजे," झुरळसर म्हणाले. "नियम नऊ."

मावशींनी डॉक्टरांकडे बघितलं.

"ते घेतलंय मी," डॉक्टर म्हणाले आणि सही केली.

मावशींनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. भाषण वगैरे झालं नाही. हार आणायचा राहिला होता, कारण हार आणणं हे काम मावशींचं होतं आणि यादीत ते कुठल्या नंबरला होतं ते कुणी बघितलं नव्हतं. मासेवाल्या बाईंनी डोळे पुसले आणि झुरळसरांना सांगितलं की फॉर्मॅलिनमुळे होतंय. फॉर्मॅलिनची बाटली दोन खोल्या पलीकडे होती.

तेवढ्यात व्हरांड्यातून एका विद्यार्थिनीची हाक आली.

"मामा! मामा, प्रोजेक्टर!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. विभागात मामा असं कुणी नव्हतं. डॉक्टर उठले, जुडगा उचलला आणि निघाले.

डॉक्टरांच्या हजेरीपुढे आजही आर्किओसाइट असंच लिहिलेलं आहे. कॉलरच्या वरच्या काठावरचा त्यांचा शोधनिबंध अर्धवट आहे. खालच्या काठावरच्या माणसाने मधे पत्र पाठवून चौकशी केली, असं आवक रजिस्टरावरून दिसतं. हेडक्लार्कांकडे वनस्पतिशास्त्राचा अर्ज पडून आहे. त्यांनाही एक आर्किओसाइट हवी आहे. वनस्पतींत ती नसते, हे अजून त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि मीही सांगणार नाही. मागे एकदा खरं सांगून झालंय.

परवा सकाळी मी सव्वाअकराला आलो. डॉक्टर भांडारगृहाच्या दाराशी किल्लीशी झटत होते. हवा दमट असली की ते कुलूप फारच अडतं. समोर मागच्या खोलीच्या खिडकीत आता दोघी बसतात. सासूबाईंनी माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मावशी लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"अर्धी उलटी, मामा," त्या तिथूनच म्हणाल्या. "आणि गुडघा खाली."

कुलूप उघडलं.